पिकअपच्या हाऊसिंगमधून ‘घूंऽऽ’ आवाज येतो? पिनियनचं समोरचं बेअरिंग बदलताना एवढं पाहा

लोहारा (जि. यवतमाळ) : कापसाचा हंगाम आला की दारव्हा रोडवर रात्रंदिवस पिकअप धावतात. कोणी जिनिंगला चाललं, कोणी बाजार समितीत, कोणी नुसतंच भाव विचारायला. रस्त्याच्या कडेला पाच मिनिटं उभं राहिलं तर त्यातल्या दोन-तीन गाड्या तरी मागून रडत जाताना ऐकू येतात. इंजिनाचा आवाज वेगळा, टायरचा वेगळा. हा आवाज मागच्या हाऊसिंगमधून येतो. वेग वाढला की तो चढतो, वेग कमी झाला की उतरतो. चालवणारा टेपचा आवाज वाढवतो आणि पुढं जातो.

मीही तेच केलं होतं. गेल्या हंगामात आठ-दहा दिवस तो आवाज ऐकत गाडी चालवली. आभाळ भरून आलेलं, गाडीत कापूस, वर ताडपत्री फाटकी, आणि लोहाऱ्याच्या अलीकडे मागून ‘कर्रर्र’ झालं. कापूस वाचला तो केवळ ओळखीच्या माणसाची दुसरी गाडी मिळाली म्हणून. अवकाळीत भिजलेल्या कापसाला काय भाव मिळतो हे इथल्या वाचकाला मी सांगायची गरज नाही. त्या रात्रीनंतर दोन दिवस मिस्त्रीच्या शेजारी बसून जे पाहिलं आणि विचारून घेतलं, ते इथं मांडतो.

बेअरिंग कोणतं, असतं कुठं?

‘डिफरन्शियलचं समोरचं बेअरिंग’ म्हटलं की गोंधळ होतो. आपल्या भागातल्या बहुतेक पिकअप मागच्या चाकांवर चालतात, त्यांच्या पुढच्या चाकांना डिफरन्शियल नसतंच. ते असतं फोर-बाय-फोर गाडीत. म्हणून आपल्याकडे मिस्त्री ‘समोरचं’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ मागच्या हाऊसिंगच्या तोंडावरचं बेअरिंग, म्हणजे जिथं प्रोपेलर शाफ्ट येऊन फ्लँजला जोडला जातो, त्याच्या लगेच आतलं. फोर-बाय-फोरवाल्यांच्या पुढच्या डिफरन्शियलमध्येही काम याच तत्त्वावर चालतं.

शाफ्टकडून येणारी ताकद आधी पिनियनला मिळते. पिनियन हा लहान दात्यांचा दांडा. तो मोठ्या क्राऊनला फिरवतो आणि क्राऊन चाकांना. पिनियन दोन टेपर बेअरिंगवर तोललेला असतो. आतलं, दात्यांजवळचं, मोठं. बाहेरचं, फ्लँजजवळचं, लहान. साधी गोळ्यांची बेअरिंग इथं टिकत नाहीत, कारण पिनियनला नुसतं फिरायचं नसतं. क्राऊन त्याला सतत पुढं-मागं रेटत असतो. टेपर रोलर तिरपे बसवलेले असतात, म्हणून ते वरचं वजन आणि बाजूचा रेटा दोन्ही घेतात. अमेरिकेत हेन्री टिमकेन यांनी १८९८ मध्ये या बेअरिंगचं पेटंट घेतलं ते घोडागाड्या आणि वॅगनच्या चाकांसाठी. वळणावर चाकाला बाजूचा रेटा बसतो, हीच त्यांची अडचण होती.

आता थोडं गणित. धरा, क्राऊनला ४१ दाते आणि पिनियनला १०. म्हणजे चाक एकदा फिरलं की पिनियन चार वेळा फिरतो. पिकअपच्या टायरचा घेर साधारण सव्वादोन मीटरच्या आसपास. ताशी ६० च्या वेगात गाडी मिनिटाला एक किलोमीटर जाते, म्हणजे चाकाचे साडेचारशेच्या आसपास फेरे आणि पिनियनचे अठराशे. हे सगळे फेरे त्या दोन बेअरिंगवर. आणि वरून गाडीत डीएपीच्या चाळीस गोण्या टाकल्या तर नुसतं खतच दोन टन होतं. ‘भाऊ, गाडी घेते ना’ असं आपण म्हणतो. गाडी घेते, पण हिशेब बेअरिंग ठेवतं.

समोरचंच आधी का जातं?

हा प्रश्न मी मिस्त्रीला विचारला. त्यानं हाऊसिंगच्या तोंडाकडं बोट दाखवलं. ऑइल तळाशी असतं, क्राऊन फिरताना ते उडवतो आणि त्यातलं थोडं आतल्या खोबणीतून वाहत समोरच्या बेअरिंगपर्यंत पोचतं. म्हणजे हे बेअरिंग पाटाच्या शेवटच्या वाफ्यासारखं. पाणी कमी झालं की पहिल्यांदा तोच वाफा सुकतो. हाऊसिंगमधलं ऑइल अर्ध्यावर आलं तरी आतलं बेअरिंग भिजत राहतं, समोरचं कोरडं पडतं.

ऑइल कमी होतं ते बहुतेक वेळा फ्लँजच्या ऑइल सीलमधून. आणि सील फाटण्याचं एक कारण कोणी पाहतच नाही, ते म्हणजे ब्रीदर. हाऊसिंगच्या वर एक बारीक टोपी किंवा नळी असते. गाडी चालून ऑइल तापलं की आतली हवा फुगते, ती तिथून बाहेर जाते. आपल्या काळ्या मातीच्या चिखलानं ती टोपी बुजली की हवेला वाट उरत नाही आणि ती सीलमधून ऑइल ढकलते. उलटंही होतं. तापलेली गाडी नाल्याच्या पाण्यात घातली की हाऊसिंग एकदम गार होतं आणि आतली हवा आकसते. तेव्हा सील, ब्रीदर, जिथून मिळेल तिथून पाणी ओढलं जातं. ऑइल काढल्यावर ते ताकासारखं पांढुरकं दिसलं तर समजा पाणी शिरलं आहे. पावसाळ्यात शेतातून नाले ओलांडणाऱ्या गाड्यांचं ऑइल म्हणून दिवाळीआधी एकदा काढून पाहावं, असं माझं मत झालं आहे.

आवाज कुठला, हे आधी ओळखा

उगाच हाऊसिंग उघडू नका. मोकळ्या रस्त्यावर गाडी ५०-६० वर नेऊन न्यूट्रल करा. आवाज तसाच राहिला तर इंजिन-गिअरबॉक्सवरचा संशय बराच कमी होतो. हलकं डावीकडं-उजवीकडं वळवून पाहा. एका बाजूला वळताना आवाज वाढला आणि दुसरीकडं कमी झाला तर चाकाचं बेअरिंग तपासा. रेस दिल्यावर एक सूर आणि रेस सोडल्यावर दुसरा, असं असेल तर बोट पिनियनकडं जातं. रेस सोडल्यावर आवाज वाढला तर बहुधा समोरचं बेअरिंग, कारण त्या वेळी रेटा त्याच्यावर येतो.

मग गाडी उभी करून, इंजिन बंद करून, खाली जाऊन फ्लँज हातानं धरून वर-खाली आणि पुढं-मागं हलवा. गोल फिरवताना थोडी ढिलाई असतेच, ती दात्यांमधली. पण वर-खाली हललं तर बेअरिंग गेलं. फ्लँजच्या मागं ऑइलनं माखलेली धूळ दिसली तर कारणही सापडलं.

माझी फ्लँज हलवून मिस्त्री म्हणाला, “भाऊ, गाडी इथंच राहू द्या. घरी नेसान तं क्राऊनही जाईल.” बेअरिंग ढिलं झालं की पिनियन डगमगतो, दाते जिथं बसायचे तिथं बसत नाहीत आणि एकमेकांना खातात. क्राऊन-पिनियनचा सेट जोडीनंच घ्यावा लागतो, एकटा दुसऱ्याच्या जोडीनं चालत नाही. बेअरिंगच्या खर्चाच्या कितीतरी पट तो खर्च.

काम कसं होतं

आधी जिवाचं. मागची चाकं उचलली की हँडब्रेक काही कामाचा नाही, कारण तो मागच्याच चाकांना लागतो. प्रोपेलर शाफ्ट काढला की गिअरही गाडी धरत नाही. म्हणून पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड किंवा लाकडी ओंडके लावा आणि गाडी पक्क्या स्टँडवर बसवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली झोपू नका. घाई असली तरी.

पुढं क्रम असा: ऑइल काढायचं, ड्रेन नटाला किती आणि कसला चुरा लागला ते पाहायचं. बारीक काजळासारखा थर चालतो, चमकणारे तुकडे निघाले तर आत बरंच काही झालं आहे. शाफ्ट आणि फ्लँजवर खुणा करून शाफ्ट सोडायचा, म्हणजे तो परत तसाच बसतो. दोन्ही अ‍ॅक्सल ओढायचे, गोळा बाहेर काढायचा. क्राऊनच्या दोन्ही बाजूंच्या कॅपवर पंचानं डावी-उजवीची खूण करायची, त्या अदलाबदल करून चालत नाहीत. मग फ्लँजचा नट, फ्लँज, सील आणि पिनियन.

माझं समोरचं बेअरिंग निघालं तेव्हा रोलरचा पत्रा तुटलेला होता आणि कपवर नखाला लागतील असे खड्डे. “आतलं तर चांगलं दिसते,” मी म्हटलं. मिस्त्रीनं ते रॉकेलमध्ये धुऊन कानाजवळ फिरवलं आणि माझ्या हातात दिलं. खरखर बोटाला जाणवत होती. समोरच्या बेअरिंगचा चुरा ऑइलबरोबर सगळीकडं फिरतो, त्यामुळं दोन्ही बदललेली बरी. आतल्या बेअरिंगखाली जो शिम असतो तो मात्र जपून ठेवायचा. पिनियन क्राऊनमध्ये किती खोल बसायचा हे तोच ठरवतो.

नवं बेअरिंग हातोड्यानं ठोकून बसवणारे आहेत. तसं करू देऊ नका. कप सरळ बसला पाहिजे, तिरपा गेला तर काम गेलं. एमआयडीसीकडच्या लेथवाल्याकडं प्रेस असतो, तिथं दहा मिनिटांचं काम आहे. आतलं बेअरिंग दांड्यावर चढवायला ते तेलात १०० अंशांच्या आसपास गरम करतात, मग ते जवळजवळ आपोआप सरकतं. गॅसची ज्योत थेट लावली तर पोलादाचं पाणी उतरतं.

आता सगळ्यात नाजूक भाग, तो म्हणजे नट किती आवळायचा. याच ठिकाणी माझं आधी नुकसान झालं होतं. त्याआधी वर्षभरापूर्वी हेच बेअरिंग मी रस्त्यावरच्या एका गॅरेजात बदलून घेतलं होतं. तिथं हवेच्या गननं नट आवळला, ‘आता हलणार नाही’ म्हणाले. खरंच हललं नाही, पण तापत राहिलं. फ्लँजला हात लावला तर चटका बसायचा आणि मला वाटायचं नवं काम आहे, बसेल. टेपर बेअरिंग ढिलं चालत नाही आणि जास्त दाबलेलंही चालत नाही. थोडा ठरावीक दाब लागतो. दोन बेअरिंगच्या मध्ये स्पेसर असतो. काही गाड्यांत तो नट आवळताना दबत जातो, काहींत पक्का असतो आणि शिमनं मोजमाप जुळवतात. दबणारा असेल तर दर वेळी नवा घालायचा. एकदा जास्त दाबला गेला की नट मागं घेऊन उपयोग नाही, स्पेसर परत फुगत नाही. काढा आणि दुसरा घाला.

तो दाब मोजायचा कसा? इथं मिस्त्रीनं जे काढलं ते पाहून मला हसू आलं. आपण कापूस मोजतो तसला, पण लहान, स्प्रिंगचा काटा. फ्लँजला दोरा गुंडाळून काटा अडकवला आणि सावकाश ओढला. पिनियन एकसारखा फिरत असताना काटा किती दाखवतो ते पाहायचं, त्याला फ्लँजच्या मध्यापासून दोऱ्यापर्यंतच्या अंतरानं गुणायचं. तो आकडा गाडीच्या कंपनीच्या पुस्तकात असतो, नव्या बेअरिंगचा वेगळा आणि जुन्याचा वेगळा. नट थोडा आवळ, मोज, परत थोडा आवळ, परत मोज. अर्धा तास त्यात गेला.

शेवटी क्राऊनच्या काही दात्यांना शेंदूर तेलात कालवून लावला आणि क्राऊन फिरवला. पिनियनच्या दाताचा ठसा मधोमध उमटला तर खोली बरोबर. टोकाला किंवा मुळाशी उमटला तर शिम बदलून परत सगळं. माझ्या वेळी ठसा पहिल्यांदाच बरोबर आला, कारण जुना शिम तसाच होता.

नवा सील बसवताना त्याच्या ओठाला ऑइल लावायचं आणि फ्लँजवर सीलच्या जागी खाच पडली आहे का तेही पाहायचं. खाच असेल तर नवा सीलही गळेल. ऑइल जीएल-५ दर्जाचं, किती जाडीचं ते पुस्तकात पाहून, भरण्याच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. इंजिन ऑइल किंवा उरलंसुरलं मिसळून टाकू नका. ब्रीदर साफ करा, त्याला पैसे लागत नाहीत.

पहिले शंभरेक किलोमीटर गाडी रिकामी किंवा हलकी चालवा आणि मध्ये थांबून फ्लँजजवळ हात लावून पाहा. कोमट असेल तर ठीक. हात ठेवता येत नसेल तर मिस्त्रीकडं परत न्या, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. पाचशे किलोमीटरनंतर सीलखाली कोरडं आहे ना आणि ऑइलची पातळी भोकाशी आहे ना, एवढं एकदा पाहून घ्या. माझ्या गाडीखाली मी अजूनही दर रविवारी सकाळी वाकून पाहतो, घरचे हसतात.