पेट्रा : माणसे बदलली, मंडळी राहिली

मंचेरियलमध्ये मी ख्रिस्ती भजने ढोलकावर ऐकली. प्रभूच्या नावाने इलेक्ट्रिक गिटार हे मला नवलच वाटले. अमेरिकेत तर पुष्कळ धर्मोपदेशकांना रॉक म्हणजे सैतानाचे संगीत वाटे.

तिथल्याच इंडियाना राज्यात, फोर्ट वेन येथे, बॉब हार्टमनने १९७२ साली सहकाऱ्यांसह 'पेट्रा' काढली. ग्रीक भाषेत पेट्रा म्हणजे खडक! आरंभी सूर गिटारप्रधान, ग्रामीण अमेरिकन धाटणीचा. पुढे 'बीट द सिस्टिम'मध्ये सिंथेसायझर इतका वरचढ, की गिटार शोधावी लागते. १९८६ मध्ये उंच, गोड गळ्याच्या ग्रेग व्होल्झच्या जागी जॉन श्लिट आला. तो पूर्वी 'हेड ईस्ट' या लौकिक वाद्यवृंदात गाई, व्यसनातून सावरलेला. त्याच्या खरखरीत आवाजाबरोबर संगीतही कडक झाले. भाऊराव कोल्हटकर गेले, पुढे बालगंधर्व आले, तरी किर्लोस्कर मंडळी चाललीच ना?

मग पेट्रा कोणाची? मी म्हणेन, हार्टमनची. १९९५ साली त्याने दौरे सोडले, पण मंडळीसाठी गाणी लिहिणे सोडले नाही. २००३ च्या 'जेकिल अँड हाइड'मध्ये गिटार पुन्हा पुढे आली. २००५ मध्ये मंडळीने निरोप घेतला. २०१० मध्ये जुने गडी 'क्लासिक पेट्रा' म्हणून जमले, तेव्हा गायला व्होल्झ होता आणि गिटार हार्टमनच्याच हातात होती.