तीन मजली घर आणि बिनतारी लहरी

"वरच्या खोलीत नेट येत नाही" हे वाक्य ज्या घरात कधीच ऐकू येत नाही, असे दुमजली-तिमजली घर आता विरळाच. २०२० साली शाळा बंद होत्या, तेव्हा मी घराच्या सर्वांत वरच्या खोलीत बसून भूमितीचे तास घेत असे. पायथागोरसचा सिद्धान्त फळ्यावर अर्धा सिद्ध व्हावा आणि पडद्यावरील मुलांचे चेहरे जागच्या जागी थिजून जावेत, हा नित्याचा अनुभव. एका विद्यार्थिनीने मला दुसऱ्या दिवशी विचारले, "सर, काल तुम्ही 'म्हणून' म्हणालात आणि गेलात. म्हणून काय?" तिचा तो प्रश्न माझ्या मनाला फार लागला.

मी प्रथम केले ते सर्व जण करतात तेच. दरमहा अधिक पैसे भरून अधिक वेगाची जोडणी घेतली. वरच्या खोलीत तिळमात्र फरक पडला नाही. पडणार तरी कसा? मधला नळ तुंबलेला असताना गच्चीवरची टाकी मोठी बसवावी, त्यातलाच हा प्रकार. तक्रार बाहेरून येणाऱ्या तारेची नव्हतीच. घराच्या आतल्या शेवटच्या तीस फुटांची होती.

हे तीस फूट लहरी कशा ओलांडतात ते पाहू. १८९५ साली जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात आखूड विद्युत्-लहरी भिंतींपार पाठवून पलीकडची घंटा वाजवून दाखविली होती. आपल्या घरातील वाय-फायचा डबा तत्त्वतः त्याच जातीचे काम करतो. त्याच्या लहरी मुख्यत्वे दोन पट्ट्यांत असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील लहर सुमारे १२ सेंटिमीटर लांब, तर ५ गिगाहर्ट्झची त्याच्या निम्मी. आखूड लहरींच्या पट्ट्यात जागा ऐसपैस असल्यामुळे वेग अधिक मिळतो. परंतु भिंत आडवी आली की त्या लवकर थकतात. लांब लहरी भिंतीतून अधिक तग धरतात, पण त्यांच्या पट्ट्यात गर्दी फार. शेजाऱ्यांचे डबे, ब्लूटूथची उपकरणे, इतकेच काय, स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीदेखील तेथेच गलका करते.

आता घराकडे वळू. आमचा तळमजला जांभ्या दगडाचा, भिंती दीड फूट जाड. त्यावरचे दोन मजले नंतर चढविलेले, म्हणजे मध्ये सिमेंटचे दोन स्लॅब. स्लॅबमध्ये लोखंडी सळ्यांची जाळी असते; ती काही लहरी परतवते आणि काँक्रीट काही गिळून टाकते. त्यात आमचा डबा कोठे? तार जेथून घरात शिरली तेथेच, तळमजल्यावरील कोपऱ्यात, लोखंडी कपाटामागे! बसविणाऱ्याला तार वाचवायची होती आणि घरच्यांना डबा दृष्टीआड हवा होता. बहुतेक घरांत जागेची निवड अशीच होते.

माझा एक माजी विद्यार्थी मदतीला आला. त्याने मला काही विकत घ्यावयास सांगितले नाही. फोनवर लहरींचे बळ मोजण्याची सोय घेऊन तो घरभर फिरला. हे बळ उणे आकड्यांत दाखवितात. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत चित्रासह संभाषण नीट चालते, उणे ८० च्या खाली भरवसा नाही. दर १० आकड्यांना बळ एकदशांश होते, हे ध्यानात ठेवावे. आमच्या वरच्या खोलीत आकडा होता उणे ८४.

प्रथम आम्ही डबा पहिल्या मजल्यावर, जिन्याजवळ, उंचावर आणला. जिन्याची पोकळी म्हणजे स्लॅबला पडलेले भोकच. लहरींना तेवढी वाट मोकळी मिळते. मग त्याने डब्याच्या दोन दांड्यांपैकी एक आडवी केली. मला वाटे, दांडीच्या टोकातून लहरी निघतात. वस्तुतः त्या दांडीभोवती चहूकडे पसरतात. उडीदवड्याच्या भोकात काडी उभी धरावी तसा तो आकार. टोकाच्या दिशेला बळ सर्वांत कमी. म्हणून उभी दांडी त्याच मजल्याला उपयोगी, तर वरखाली पाठविण्यासाठी आडवी बरी. एवढ्यानेच आकडा उणे ६८ वर आला, आणि खर्च झाला तो चार वाव तारेचा.

तरी तास मध्येच अडखळे. त्यापूर्वी मी एक पुनःप्रक्षेपक आणून तो वरच्याच खोलीत लावला होता. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही, तो दुसऱ्याला काय सांगणार? असे उपकरण लावायचेच तर अर्ध्या वाटेवर, जेथे बळ अद्याप चांगले आहे तेथे लावावे. शिवाय साधा पुनःप्रक्षेपक एकाच कानातोंडाने ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो.

खरा इलाज म्हणजे तारच. बिनतारीच्या गोष्टीत तारेचे कौतुक विचित्र वाटेल. पण कॅट-६ जातीची तार १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट निमूटपणे वाहून नेते, तिला स्लॅबचे भय नाही. जुन्या टी.व्ही.च्या केबलची रिकामी नळी भिंतीत होतीच. तिच्यातून तार वर नेली आणि टोकाला दुसरा डबा जोडला. दोन्ही डब्यांना नाव व परवलीचा शब्द एकच ठेवला. उपकरणांना पत्ते वाटण्याचे काम मात्र खालच्याच डब्याकडे राहू दिले. दोघेही वाटू लागले तर गोंधळ उडतो. २.४ च्या पट्ट्यात १, ६ व ११ हे तीन चॅनेलच एकमेकांच्या अंगावर येत नाहीत, म्हणून खाली १ आणि वर ११ दिला. वीज गेल्यावर एकच डबा चालून भागत नाही, तेव्हा दोन्ही इन्व्हर्टरवर घेतले.

वरच्या खोलीतला आकडा उणे ४५ झाला. दुसऱ्या दिवशी तो सिद्धान्त मी पहिल्या ओळीपासून पुन्हा घेतला, आणि "म्हणून" नंतरचे वाक्य त्या मुलीकडूनच म्हणवून घेतले. तळमजल्यावरच्या मागील कोठीत मात्र जांभ्याच्या भिंतींपुढे अजूनही काही चालत नाही. तेथे तांदळाची पोती असतात. त्यांची काही तक्रार नाही.