पंख हवेत? आधी पासबुक काढा!

घरातलं धाकटं पात्र बारावी होतं, कॉलेजात रुळतं आणि एके दिवशी जेवताना जाहीर करून मोकळं होतं, 'मला पायलट व्हायचंय!' आईच्या डोळ्यांपुढे पांढरा शर्ट आणि खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्या. बाबांच्या डोळ्यांपुढे गावाकडची जमीन. आणि तुम्ही? तुम्ही घरातले कमावते, सॅलरी स्लिपवाले. बँकेत सह-कर्जदार म्हणून सही बहुधा तुमचीच लागणार. तेव्हा हा विषय तुमचाही आहे, बॉस!

थेट आकड्यांवर येऊ. भारतात कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल, मिळवायला आज साधारण ४५ ते ६० लाख रुपये लागतात. लायसन्ससाठी किमान २०० तासांचं उड्डाण हवं. ५० लाख धरले, तर सगळा खर्च मिळून हवेतला एकेक तास २५ हजारांना पडला. बरं, लायसन्स हातात आलं म्हणजे लगेच एअरबस ए-३२० च्या कॉकपिटमध्ये बसता येतं, असंही नाही. त्या विशिष्ट विमानाचं टाइप रेटिंग वेगळं आणि त्याचे आणखी साधारण १५ ते २५ लाख वेगळे. काही एअरलाइन्सच्या कॅडेट प्रोग्रॅममध्ये सगळं एकत्र मिळतं, पण बिल कोटीपर्यंत जातं.

जेआरडी टाटा बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतातलं पहिल्या क्रमांकाचं लायसन्स मिळालं. त्यांच्या घरी ईएमआयची चर्चा झाली नसावी. आपल्याकडे ती होते, आणि व्हायलाच हवी.

मग मध्यमवर्गीय घरातल्या पोरांनी स्वप्न गुंडाळून माळ्यावर टाकायचं? मुळीच नाही. फक्त खर्चाचा क्रम बदलायचा. अनेक घरं आधी मोठी रक्कम भरतात आणि छोट्या परीक्षांचं नंतर बघतात. करायचं नेमकं उलटं. आणि त्यासाठी कॉलेजची वर्षं बेस्ट!

हजारांत होणारी कामं आधी

सगळ्यात पहिलं काम म्हणजे मेडिकल. आधी क्लास टू, मग क्लास वन. खर्च काही हजारांचा. चष्मा असला तरी घाबरायचं कारण नाही, नंबर लावून नजर नीट होत असेल तर चालतं. पण रंग ओळखण्यात दोष असेल, तर गाडी तिथेच अडू शकते. हे फ्लाइंग स्कूलची फी भरण्याआधी कळलेलं बरं की नंतर?

दुसरं, विषय. सीपीएलसाठी बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स लागतं. कॉमर्स किंवा आर्ट्सवाल्यांनी निराश व्हायचं नाही. हे दोन विषय मुक्त शाळेतून, म्हणजे एनआयओएसमधून, देता येतात. ही अट शिथिल करण्याचा प्रस्ताव २०२५ मध्ये चर्चेत आला होता. पण चर्चेवर विसंबून फी भरू नका. अर्ज कराल त्या दिवशीचा नियम डीजीसीएच्या साइटवर स्वतः वाचा.

तिसरं, लेखी पेपर. नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, एअर रेग्युलेशन्स आणि टेक्निकल. पासिंग ७० टक्क्यांना. शिवाय रेडिओवर बोलण्याचा आरटीआर परवाना वेगळा. यातले बरेचसे पेपर विमानाला हात लावण्याआधी देता येतात. एफवाय-एसवायच्या वर्षांत सकाळी लेक्चर आणि दुपारी लायब्ररी असं जमवलं, की ते निघतात. आणि खरं सांगायचं तर हीच आवडीची परीक्षाही आहे. नेव्हिगेशनच्या पुस्तकाला दोन महिन्यांत कंटाळलेल्या मुलाला घरच्यांनी काही हजार घालवून ओळखलं, पन्नास लाख घालवून नव्हे.

डिग्री सोडू नका

सीपीएलला डिग्री लागत नाही. त्यामुळे 'कॉलेज सोडतो आणि थेट उडायला जातो' हा मोह होतोच. इथे जरा मागे वळून बघू. २०१२ मध्ये किंगफिशर थांबली. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज. २०२० मध्ये कोरोनाने सगळीच विमानं जमिनीवर आणली. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. दर वेळी हजारो तासांचा अनुभव असलेले पायलट नोकरी शोधत बाहेर पडले आणि २०० तासांची नवी मुलं रांगेच्या शेवटी गेली. मग बाजार पुन्हा उसळतो, भरती सुरू होते. पण मधल्या काळात बँक थांबत नाही. तेव्हा डिग्री कामी येते. ती नोकरी कॉकपिटमधली नसेल, पण निदान हप्ता तरी निघेल.

शिवाय दोन्ही एकत्र करायच्या वाटा आहेत. विमानचालनातली बीएस्सी करता येते. नाहीतर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठासारख्या ठिकाणाहून घरबसल्या पदवी घेता येते. साधा, कमी धोक्याचा मार्ग म्हणजे पहिल्या दोन वर्षांत मेडिकल आणि पेपर उरकायचे आणि शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन मगच फ्लाइंगला जायचं.

पैसा आणायचा कुठून?

एज्युकेशन लोन मिळतं. पण साडेसात लाखांच्या पुढे बँका सहसा तारण मागतात. म्हणजे फ्लॅट, प्लॉट नाहीतर एफडी. आता गणित करा. ५० लाख, ११ टक्के व्याज, १५ वर्षं. महिन्याचा हप्ता साधारण ५६,८०० रुपये! शिकत असताना हप्ता सुरू होत नाही, पण व्याज चढत असतं. पूर्ण रक्कम उचलली असेल, तर वर्षाला साडेपाच लाख. म्हणून कर्ज टप्प्याटप्प्याने उचला आणि जमलं तर शिकतानाच व्याज फेडत राहा. जुनी टॅक्स पद्धत निवडली असेल, तर या व्याजावर कलम ८०-ई खाली सूट मिळते.

स्कॉलरशिप बघितल्याशिवाय तर पुढे जाऊच नका. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत सीपीएलचा समावेश आहे. त्यासाठी पालकांच्या उत्पन्नाची अट असते. ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी महाज्योतीने नागपूर फ्लाइंग क्लबबरोबर सीपीएल प्रशिक्षणाची योजना राबवली. जागा मोजक्या असतात, म्हणून जाहिरातीवर डोळा ठेवायचा. उत्तर प्रदेशातल्या अमेठी जिल्ह्यातल्या फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी सरकारी आहे, प्रवेश परीक्षेतून घेते. मात्र सरकारी म्हणजे स्वस्त, असा समज नको.

दर नको, महिने विचारा

'आमच्याकडे तासाचा रेट सगळ्यात कमी', असं ऐकून फसू नका. विमान बंद, इन्स्ट्रक्टर कमी, त्यात आपला पावसाळा. वर्षाचा कोर्स दोन-अडीच वर्षं लांबला, की हॉस्टेल, मेस आणि व्याजाने स्वस्ताईचा फुगा फुटतो. बारामती, गोंदिया किंवा धुळ्याला राहून शिकायचं, तर हा खर्च आहेच.

त्यात एक नियम फार कमी जणांना माहीत असतो. लायसन्ससाठी लागणारे २०० तास अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांतले असावे लागतात. म्हणजे 'पैसे जमतील तसं उडू' याला मर्यादा आहे. निम्म्यात पैसे संपले, तर आधीचे तासही हळूहळू वाया जातात. म्हणून पूर्ण रकमेची सोय दिसल्याशिवाय पहिला तासही उडू नये.

परदेशात हवामान चांगलं, उड्डाण पटापट होतं. पण परत आल्यावर डीजीसीएचे पेपर आणि चाचणी उड्डाणं द्यावी लागतात. तो खर्च आधीच धरा.

सही करण्याआधी

- क्लास वन मेडिकल हातात आहे?
- निदान नेव्हिगेशन आणि हवामानशास्त्र पास?
- स्कूलची किती विमानं आज उडताहेत, हे तिथल्या विद्यार्थ्यांना विचारलं? गेल्या बॅचला किती महिने लागले?
- डीजीसीएच्या श्रेणीवारीत स्कूल कुठे आहे? २०२५ मध्ये आलेल्या पहिल्या यादीत ए-प्लस किंवा ए श्रेणी एकालाही मिळाली नव्हती!
- फी उडालेल्या तासांप्रमाणे हप्त्यांत भरता येते? कोर्स सोडल्यास परतावा किती, हे लेखी आहे?
- टाइप रेटिंगचे पैसे आणि नोकरीविना दोन वर्षांचे हप्ते, दोन्ही हिशेबात धरले?

सहाही उत्तरं पटली, तर बिनधास्त सही करा. दोन-तीन अडली, तर धाकट्याला 'नाही' म्हणू नका. 'पुढच्या वर्षी' म्हणा. पायलट व्हायला वयाची अठरा वर्षं पूर्ण लागतात, अठराव्या वर्षीच व्हायला हवं असं काही नाही.