गच्चीवरची शेड आणि एकच जिना

कुंभकोणम हे तंजावरजवळचे कावेरीकाठचे देवळांचे गाव. तंजावरच्या भोसल्यांमुळे मराठी माणसाला ते अगदी परके नाही. १६ जुलै २००४ रोजी, शुक्रवारी सकाळी, तिथल्या श्री कृष्णा शाळेला आग लागली आणि ९४ मुले गेली. बहुतेक प्राथमिक वर्गांतली होती. या घटनेबद्दल आजवर हळहळ पुष्कळ झाली. पण ज्याच्या ताब्यात मंगल कार्यालय, हॉटेल, लॉज, क्लास किंवा गाळ्यांची इमारत आहे, त्याने ती इमारतीच्या अंगाने एकदा नीट समजून घ्यायला हवी. तिथे जे जे चुकले होते, ते आपल्याकडच्या बाजारपेठेत आजही दिसते.

कुंभकोणमला काय घडले

एकाच इमारतीत तीन शाळा भरत होत्या. खाली मुलांच्या दुपारच्या जेवणाची चूल पेटलेली होती. तिथली आग छपराला लागली आणि छप्पर होते नारळाच्या झावळ्यांनी शाकारलेले. पहिल्या मजल्यावरच्या वर्गांवरही तेच छप्पर होते. वाळलेली झावळी एकदा धरली की मिनिटांचा हिशेब उरत नाही. ज्वाळा छपराच्या पोटातून आडव्या धावतात, बांबू आणि दोऱ्या जळाल्या की पेटते छप्पर तसेच्या तसे खाली बसते. कुंभकोणमला ते वर्गात बसलेल्या मुलांवर पडले. उतरायचा जिना अरुंद होता. खिडक्यांना सिमेंटच्या जाळ्या होत्या, त्यातून मूल बाहेर निघणे शक्य नव्हते.

आग लागणे हा अपघात म्हणता येईल. चूल, पेटते छप्पर, अरुंद जिना आणि बंद खिडकी ही चारही एका ठिकाणी आली होती ती माणसांच्या निर्णयांनी. यातली एक जरी नसती तरी मृतांचा आकडा वेगळा असता, असे मला ठामपणे वाटते.

नंतर झालेली भर

याच प्रदेशातल्या आधीच्या घटना पाहा. ७ जून १९९७ रोजी तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात कुंभाभिषेकासाठी घातलेला मांडव पेटला, चाळीसहून अधिक भाविक गेले. ऑगस्ट २००१ मध्ये एरवाडीला मनोरुग्णांची झोपडीवजा शेड पेटली, साखळदंडांनी बांधलेले २८ जण मेले. २३ जानेवारी २००४ रोजी श्रीरंगमच्या मंगल कार्यालयात गच्चीवरचा लग्नमांडव पेटला, नवरदेवासह पन्नासहून अधिक माणसे गेली. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत कुंभकोणम. चारही ठिकाणी डोक्यावर झावळ्यांचे छत होते.

आपल्याकडे झावळ्या कमी झाल्या आहेत, पण त्यांची जागा ताडपत्री, फायबरचे पत्रे, थर्माकोल, फोमचे फॉल्स सीलिंग आणि बांबूची सजावट यांनी घेतली. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईत कमला मिल आवारातल्या गच्चीवरच्या रेस्टॉरंटला आग लागली, १४ जण गेले. बरेच जण बाहेर पडायची वाट न सापडून स्वच्छतागृहाकडे गेले आणि धुराने तिथेच गुदमरले. २४ मे २०१९ रोजी सुरतच्या तक्षशिला आर्केडमध्ये वरच्या मजल्यावर वाढवलेल्या बांधकामात क्लास चालत होता. तिथे २२ विद्यार्थी गेले.

मूळ नकाशा मंजूर होताना ज्या गोष्टी नव्हत्या, त्या पुढे हळूहळू येतात. आधी पावसासाठी पत्रा, मग तीन बाजूंनी आडोसा, मग टेबले, मग स्वयंपाकघर. जिना मात्र पहिल्या दिवशी होता तेवढाच राहतो. म्हणून आपल्या इमारतीची पाहणी करायची तर मंजूर नकाशा हातात घेऊन फिरा. नकाशात नसलेली प्रत्येक गोष्ट खुणेने दाखवा. धोका बहुधा त्याच खुणांपाशी असतो.

जिना आणि दार

राष्ट्रीय इमारत संहितेचा चौथा भाग पूर्णपणे आगीवर आहे. त्यात बाहेर पडायच्या दाराची रुंदी किमान एक मीटर आणि शाळेच्या जिन्याची दीड मीटर सांगितली आहे. नाट्यगृहासारख्या गर्दीच्या जागी जिना दोन मीटरचा लागतो. दोन जिने असले तरी ते एकमेकांपासून दूर हवेत. शेजारीशेजारी असतील तर धूर एकाच वेळी दोन्ही अडवतो. दार बाहेरच्या बाजूला उघडले पाहिजे, कारण मागून रेटा आला की आत उघडणारे दार उघडताच येत नाही.

प्रत्यक्षात काय दिसते? एखाद्या मंगल कार्यालयाच्या मागच्या दाराशी जाऊन पाहा. दाराला आडवी लोखंडी पट्टी, तिला कुलूप, किल्ली मॅनेजरच्या खणात. दारासमोर एकावर एक रचलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, बाजूला केटररचे सिलिंडर आणि तेलाचे डबे. वर 'बाहेर' अशी हिरवी पाटी लागलेली असते, तिच्यातला दिवा कधीचा गेलेला. या दाराने कोणीही बाहेर पडणार नाही. चोरीची भीती खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण त्यासाठी आतून दाब दिला की उघडणारी आणि बाहेरून न उघडणारी पट्टी मिळते. गर्दीच्या वेळी कुलूप कुठल्याही कारणाने चालणार नाही.

दुसरी जागा जिन्याखालची. वीजमीटरचे बोर्ड हमखास तिथेच, आणि त्याच्याच खाली जुने खोके, रद्दी, पार्क केलेल्या दुचाक्या. मीटर पेटला की जिना धुराडे बनतो आणि वरच्या सगळ्यांची एकुलती वाट पहिल्या दोन मिनिटांत बंद होते. इमारतीत बाकी काही करता आले नाही तरी जिन्याखालची जागा आजच्या आज रिकामी करता येते, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

धूर

आगीत माणसे भाजण्याआधी गुदमरतात. फोम, रेक्झिन, प्लॅस्टिक जळताना कार्बन मोनॉक्साइडसारखे विषारी वायू निघतात. चार-सहा श्वासांत माणूस गोंधळतो आणि दिशा हरवतो. धूर वरून खाली साचत येतो म्हणून वाकून, भिंतीला धरून चालायचे. लिफ्ट घ्यायची नाही. मागे दार ओढून घ्यायचे. बंद दार धुराला बराच वेळ थोपवते.

स्वयंपाकघर आणि वीज

हॉटेलच्या भटारखान्यात तेल पेटले तर पाणी मारू नये. तेल उसळून आग पसरते. गॅस बंद करावा, कढईवर झाकण सारावे. अशा आगीसाठी वेट केमिकलचे नळकांडे वेगळे मिळते. चुलीवरच्या डक्टमध्ये साचलेला तेलाचा थर खरवडून काढायचे काम मात्र नेहमी मागे पडते.

विजेच्या बाबतीत नंतरची भर पुन्हा आडवी येते. मंजूर भार एका दुकानाचा, त्यावर पुढे तीन एसी आणि एक फ्रीजर जोडलेला. फ्यूजच्या जागी जाड तार बसवली असेल, तर वायरिंग तापलेले कोणाला कळणारच नाही.

अग्निशामक नळकांड्याकडे पाहायला तंत्रज्ञ लागत नाही. दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, पिनेचे सील शाबूत आहे का, पुन्हा भरायची तारीख उलटली आहे का, एवढे कोणीही पाहू शकतो. ते हात पोचेल अशा उंचीवर, दारापाशी हवे.

कायदा काय सांगतो

कुंभकोणमनंतर तमिळनाडू सरकारने शाळांवरची शाकारलेली छपरे काढायला लावली. सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी अविनाश मेहरोत्रा खटल्यात म्हटले की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतो. ३० जुलै २०१४ रोजी तंजावरच्या न्यायालयाने दहा जणांना दोषी ठरवले. तोवर दहा वर्षे गेली होती.

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. त्यात जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे, म्हणजे गाळा भाड्याने घेतला म्हणून सुटका नाही. परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून घेऊन नमुना 'ब' चे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैत द्यावे लागते. पाहणी न करता सही आणून ठेवणाऱ्याने आपल्याच गिऱ्हाइकांना फसवले आहे, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

तालीम

वर्षातून दोनदा, गर्दी असते त्याच वेळी, घंटा वाजवून इमारत रिकामी करून पाहा. त्याआधी कामे नावानिशी वाटा: १०१ ला फोन कोण करणार, गॅस आणि मेन स्विच कोण बंद करणार, स्वच्छतागृहे आणि गच्ची कोण पाहणार, लहान मुले, म्हातारी माणसे आणि चालता न येणारे यांना कोण उतरवणार, बाहेर डोकी कोण मोजणार. रात्रपाळीचा वॉचमन आणि कालच कामावर लागलेला पोऱ्या, दोघांनाही यात धरा. बंब आत येईल एवढा रस्ता मोकळा आहे का, हे त्याच दिवशी पाहा; दारातली पार्किंग, मंडप आणि फेरीवाल्यांच्या गाड्या यांचा निकाल संबंधितांशी बोलून तेव्हाच लावा.