‘मला सहा तास पुरतात’

मागच्या लेखांकात झोपेचे टप्पे पाहिले. आता मूळ प्रश्न: झोप किती हवी? अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या दोन संघटनांनी २०१५ मध्ये प्रौढांसाठी किमान सात तास असं उत्तर दिलं. आपल्याकडे मात्र ‘मला सहा तास पुरतात’ हे जरा फुशारकीनेच सांगितलं जातं.

ही फुशारकी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या हान्स व्हॅन डाँगेन, डेव्हिड डिंजेस आणि सहकाऱ्यांनी तपासून पाहिली. २१ ते ३८ वयाची ४८ निरोगी माणसं त्यांनी प्रयोगशाळेत राहायला आणली. काहींना रात्री आठ तास अंथरुणात, काहींना सहा, काहींना चार. असे चौदा दिवस. एका गटाला तर सलग तीन रात्री झोपूच दिलं नाही. दिवसभर दर दोन तासांनी चाचणी व्हायची. पडद्यावर खूण दिसली की तत्काळ बटण दाबायचं, दहा मिनिटं तेवढंच. काम सोपं, पण विलक्षण कंटाळवाणं, आणि अपुरी झोप नेमकी अशाच कामात उघडी पडते.

आठ तासवाले जवळपास होते तिथेच राहिले. सहा तासवाल्यांच्या चुका रोज थोड्या थोड्या वाढत गेल्या आणि पंधरवडा सरताना एक अख्खी रात्र जागलेल्यांच्या चुकांइतक्या झाल्या. चार तासवाल्यांनी दोन रात्रींच्या जागरणाची पातळी गाठली.

खरी गोम पुढेच आहे. किती पेंग येते, हेही त्यांना सतत विचारलं जात होतं. सुरुवातीच्या काही दिवसांनंतर ते उत्तर फारसं बदललंच नाही. कामगिरी घसरत होती, आणि माणसं समजत होती की आपल्याला आता सवय झाली. २००३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हापासून ‘मला पुरतात’ ही साक्ष माझ्या लेखी कच्ची आहे. थोडक्या झोपेत खरोखर भागणारी माणसं असतात, काहींमध्ये त्यामागचा जनुकीय बदलही सापडलाय. पण ती विरळा.

शरीरही हिशेब ठेवतंच. शिकागोत ११ निरोगी तरुणांना सहा रात्री चारच तास झोपू दिलं, तर रक्तातली साखर आटोक्यात आणण्याची त्यांची क्षमता मंदावली. पिट्सबर्गमध्ये १५३ जणांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले. आठ तास किंवा जास्त झोपणाऱ्यांच्या तुलनेत सातपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता जवळजवळ तिप्पट निघाली.

नऊ-दहा तास झोपणाऱ्यांतही मृत्यूचं प्रमाण जास्त दिसतं, हे खरं. पण त्यावरून जास्त झोप घातक ठरवण्याची घाई नको. अनेकदा आजार आधी असतो आणि लांबलेली झोप ही त्याची खूण.

आपली गरज जोखायची असेल तर सुट्टीत चार-पाच दिवस गजर बंद ठेवा आणि जाग कधी येते ते पाहा. सात-आठ तास झोपूनही दिवसा डुलक्या येत असतील आणि घरचे घोरण्याची तक्रार करत असतील, तर नुसते तास वाढवू नका, डॉक्टरांना दाखवा. घोरण्याबद्दल पुढच्या आठवड्यात.