पाय न वाजवता...

‘आई, हे बूट चावतात गं!’ असं म्हणत लेक उंबऱ्यातच बसली आणि तिनं मोजा खाली ओढला. टाचेवर रुपयाएवढा फोड! दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. ती वनरक्षकाच्या भरतीची तयारी करत होती. या भरतीत मुलींना चार तासांत १६ किलोमीटर चालून दाखवावं लागतं. त्यासाठी तिच्या बाबांनी कौतुकानं चंद्रपूरहून भारीतले बूट आणले होते, आणि सरावाच्या पहिल्याच दिवशी ही गत!

खरं सांगू? मला आतून बरंच वाटलं. या फोडाच्या निमित्तानं तरी पोरगी हा नाद सोडेल, अशी वेडी आशा होती. कारण २०२१ च्या नोव्हेंबरमधली ती बातमी मी विसरले नव्हते. ताडोब्यात वाघांच्या खुणांची पायी पाहणी करताना एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात जीव गेला होता. त्या दिवशी आमच्या घरात कुणाला जेवण गेलं नाही. आणि तरीही लेकीनं अर्ज भरलाच.

तिच्या मदतीला धावून आले ते आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे. ऐंशीला टेकलेत. अठरा-वीस वर्षांचे असताना बाहेरून येणाऱ्या शिकाऱ्यांना ते जंगलात वाट दाखवायचे, हाक्याला जायचे. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकार बंद झाली आणि मामाजी शेतीला लागले. पण पायातली विद्या गेली नव्हती. त्यांनी तो नवा बूट हातात घेतला, दोन्ही हातांनी वाकवून पाहिला आणि बाजूला ठेवला. म्हणाले, ‘हा त वाकतच नाही. पायाले खालची काडी समजलीच नाही, त पाय मांगं कसा घेशील?’

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बाजारात गेलो. दुकानदारानं आधी गुलाबी सँडल काढल्या. ‘ताई, लेडीजमध्ये असलं काही येत नाही,’ असंही वर ऐकवलं. शेवटी मुलांच्या कप्प्यातला पाच नंबरचा जोड बसला. घोटा झाकणारा कॅनव्हासचा, खाली मऊ रबरी तळ. मी आयुष्यभर साडीला मॅचिंग चप्पल बघत आले. बूट कसा निवडायचा, हे त्या दिवशी पहिल्यांदा शिकले.

बूट घ्यायला संध्याकाळी जावं, कारण दिवसभराच्या चालण्यानं पाय थोडा फुगलेला असतो. जो मोजा घालून चालायचं, तोच घालून बूट पायात घालून बघावा. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, नाहीतर उतारावर नखं काळीनिळी होतात. टाच मात्र आत हलायला नको. फोड तिथंच येतो. तळाच्या खाचा फार खोल नकोत, त्यात खडे अडकतात आणि दगडावर टकटक वाजतात. आणि नवा बूट घालून कधीच थेट मोहिमेवर जाऊ नये. तो आठ-पंधरा दिवस घरात, अंगणात, बाजारात घालून फिरावं, म्हणजे त्याची करकर जाते. लेस आत खोचायची. मोजा घामानं ओला झाला की बदलायचा, म्हणून एक कोरडा जोड पिशवीत हवाच. सळसळणारी नायलॉनची पँट नको, सुती बरी. कुसळं आणि सराटे मोज्यात घुसू नयेत म्हणून पँटचे काठ घोट्याशी बांधायचे.

मग सुरू झाली मामाजींची शाळा! परसात त्यांनी सागाची वाळकी पानं पसरली. माझी पोरगी पहिलंच पाऊल टाकते तो पापड मोडल्यासारखा आवाज. मामाजी हसले. म्हणाले, ‘सगळ्या जंगलानं आयकलं, पोरी!’

त्यांची रीत अशी. पाऊल लहान टाकायचं. टाच आदळायची नाही. आधी पायाची बाहेरची कड टेकवायची, मग हळूच सगळा तळवा. पुढचा पाय नीट बसेपर्यंत अंगाचा भार मागच्याच पायावर ठेवायचा. खाली काडी लागली, तर पाय उचलून दुसरीकडे टेकवायचा. वीस-पंचवीस पावलांनंतर थांबायचं आणि ऐकायचं. चितळानं, वानरानं हाळी दिली की ओळखायचं, कुणीतरी मोठं माणूस जवळ आहे! चिमूटभर माती सोडून वारा बघायचा. वारा आपल्याकडून जनावराकडे गेला, की पाय कितीही हलका असो, वास पोचतोच. वाळक्या सागाच्या पानांवर कुणालाच बिनआवाज चालता येत नाही. तिथं नाल्याची वाळू धरायची किंवा जनावरांची पायवाट. आणि निघायचं पहाटे, दवानं पानं मऊ असतात तेव्हा.

मला प्रश्न पडायचा, आता शिकार बंद, मग हे चोरपावलांनी चालणं कशाला? उत्तर लेक नोकरीला लागल्यावर मिळालं. दर चार वर्षांनी देशभरातल्या वाघांचा अंदाज घेतात. २०२२ च्या अंदाजात देशात सरासरी ३,६८२ आणि महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले. त्यासाठी कॅमेरे लावतात, तसंच वनरक्षक पायी चालून वाघ-बिबट्यांच्या खुणा शोधतात. शिवाय ठरलेल्या दोन किलोमीटरच्या सरळ रेषेवरून चालत चितळ, सांबर, रानडुकरं मोजतात. जनावर किती अंतरावर, कोणत्या दिशेला दिसलं, हे लिहून घेतात. पाय वाजला आणि ते दिसण्याआधीच पळालं, तर आकडा चुकला. वाघाच्या ताटात काय आहे, हे कळणार कसं? मामाजींना हे सांगितलं, तर त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, ‘आमी माराले शिकलो, तू मोजाले शिकली. बेस झालं!’

पण माझी भीती? ती अजून तिथंच होती. ती थोडी कमी झाली माझ्या माहेरी, मोहफुलांच्या दिवसांत. माहेर जंगलाला लागून. वहिनी पहाटेच टोपली घेऊन एकटी निघाली, तसं लेकीनं तिला अडवलं. ‘मामी, एकटी जायचं नाही. चार-पाच जणी मिळून जा, उजाडल्यावर जा आणि मोठ्यानं बोलत जा.’ मी चकित! म्हटलं, ‘अगं, तू तर पाय न वाजवायला शिकलीस ना?’

ती म्हणाली, ‘आई, माझं कामच जनावर बघायचं आहे. मामीला ते भेटायलाच नको. माणसाची चाहूल लागली की वाघ बहुतेक वेळा स्वतःच बाजूला होतो. अचानक समोरासमोर आलं तर घात. त्यातून फुलं वेचायला वाकलेली बाई त्याला माणसासारखी दिसतही नाही.’ बंगालच्या सुंदरबनात वाघ मागून झडप घालतो म्हणून १९८६ च्या सुमारास लोकांनी डोक्यामागे मुखवटे बांधायला सुरुवात केली होती, हेही तिनंच सांगितलं. पाहणीला आम्हीही कधी एकटे जात नाही, खूण ताजी दिसली तर मागं फिरतो, असंही म्हणाली. त्या दिवशी मला कळलं, माझी पोर नुसती धीट नाही, शहाणी आहे. कुठं गप्प राहायचं आणि कुठं आवाज करायचा, हे तिला समजतं.

मैत्रिणींनो, आपल्याला लहानपणापासून काय शिकवलं? ‘पाय वाजवू नकोस, हळू चाल.’ माझ्या लेकीचं हळू चालणं मात्र तिनं स्वतः निवडलेलं आहे, आणि त्याचा तिला पगार मिळतो!

तिचे बूट आता दारात असतात, मातीनं माखलेले. एकच तक्रार आहे. सवयीनं ती घरातही तशीच चालते. परवा मी भाकऱ्या थापत होते, तर मागून गळ्यात हात पडले. मी दचकले, पीठ सांडलं. म्हटलं, ‘बाई, जंगलात नको वाजवूस, पण घरी येताना तरी पाय वाजवत ये. दिवसभर मी तोच आवाज ऐकायला बसलेली असते.’