बोक्याची साखर

उमरगा तालुक्यातले एखादे शेतकऱ्याचे घर डोळ्यांपुढे आणा. सोप्यात ज्वारीची कणगी आहे. ओसरीवर म्हातारी आजी बसली आहे. तिच्या पायाशी बोका आहे. बोका आठ-नऊ वर्षांचा, अंगाने गुबगुबीत. कणगीला तो उंदीर लागू देत नाही, म्हणून घरात त्याला मान आहे. सकाळ-संध्याकाळ त्याला दूध-भाकरीचा काला मिळतो.

एक दिवस आजी म्हणते, "सूनबाई, ह्यो बोका लई पाणी पितोय बघ. रांजणापासनं हलंना."

सूनबाई म्हणते, "व्हय आत्याबाई. आन् खातोय बी दुप्पट. तरी हाडं वर आलीत."

शेजारी म्हणतो, "म्हातारं झालंय ते. द्या सोडून गावाबाहेर."

आम्ही म्हणतो, थांबा. हे नुसते म्हातारपण नव्हे. हा साखरेचा आजार असू शकतो. माणसाला होतो तसाच तो मांजरालाही होतो. आणि त्याच्यावर घरच्या घरी उपाय करता येतो.

हा आजार काय आहे?

खाल्लेल्या अन्नातून साखर तयार होते. ती रक्तातून अंगभर फिरते. तिच्यापासून अंगाला बळ मिळते. पण ही साखर आपोआप अंगात शिरत नाही. उसाला पाणी देताना आपण काय करतो? दारे धरतो. पाट भरून वाहिला, पण दारे धरणारा गडीच नसला, तर पाणी वाफ्यात जात नाही. पाट वाहत राहतो आणि ऊस वाळतो.

अंगात दारे धरण्याचे काम इन्सुलिन नावाचा रस करतो. पोटात स्वादुपिंड नावाची ग्रंथी आहे. तिथे तो तयार होतो. हा रस कमी पडला, किंवा अंग त्याला दाद देईनासे झाले, की साखर रक्तातच तुंबते. मग ती लघवीवाटे बाहेर जाते. जाताना पाणी ओढून नेते. म्हणून बोक्याला तहान लागते. साखर अंगी लागत नाही, म्हणून तो खातो तरी वाळतो. काही मांजरे तर मागच्या टाचा जमिनीला टेकवून चालू लागतात.

आपल्या जुन्या वैद्यांनी या आजाराला मधुमेह म्हटले. लघवीला मुंग्या लागतात, हे त्यांनी पाहिले होते. बोक्याने लघवी केलेल्या राखेला मुंग्या लागल्या, तर तुम्हीही ते ध्यानात घ्या.

आधी तपासणी

जास्त पाणी पिणारे प्रत्येक मांजर साखरेचे नसते. मूत्रपिंड बिघडले तरी तहान वाढते. म्हणून बोक्याला पिशवीत किंवा झाकणाच्या टोपलीत घालून उमरग्याला जनावरांच्या दवाखान्यात न्यावे. डॉक्टर रक्त आणि लघवी दोन्ही तपासतात. मांजर घाबरले की त्याच्या रक्तातली साखर तेवढ्यापुरती वाढते. म्हणून एकट्या रक्तावर भागत नाही. अवघड वाटले तर उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे जनावरांवर उपचारही होतात.

औषध कुठून आले?

१९२१ साली कॅनडा देशातील टोरोंटो शहरात बँटिंग आणि बेस्ट या दोघांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. स्वादुपिंडातून काढलेला रस टोचला की आजारी कुत्र्याच्या रक्तातली साखर उतरते, हे त्यांनी दाखवले. पुढच्याच वर्षी, १९२२ साली, चौदा वर्षांच्या एका आजारी मुलाला हे औषध टोचले. तो मुलगा सावरला. त्याआधी या आजाराची मुले हटकून मरत. पुढे बरीच वर्षे गाई आणि डुकरे यांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन काढीत. आता ते बहुतेक सूक्ष्म जंतूंकडून कारखान्यात तयार करवून घेतात. जनावरांनी माणसाला हे औषध मिळवून दिले. आज ते मांजराच्याही उपयोगी पडते.

दोन धारांच्या दोन वेळा

मांजराला इन्सुलिन बहुधा दिवसातून दोनदा टोचावे लागते. दोन वेळांमध्ये बारा तासांचे अंतर हवे. हे कसे जमायचे? सोपे आहे. आपण सकाळी धार काढतो आणि संध्याकाळी धार काढतो. गाय वेळ चुकू देत नाही. त्याच दोन वेळा बोक्याच्या धरा. आधी खायला द्यावे. तो खातो हे पाहावे. मग टोचावे. मानेमागचे किंवा कुशीचे कातडे चिमटीत धरले की छोटा तंबू होतो. त्यात सुई हलकेच घालायची. ही सुई फार बारीक असते. डॉक्टरांपुढे एक-दोनदा करून पाहिले की हात बसतो.

किती टोचायचे, हे डॉक्टरच ठरवतील. बोक्याचे वजन चार-पाच किलो. त्याला औषध थेंबभरच लागते. घरात आजोबांना साखर असेल, तर त्यांचा डोस बोक्याला देऊ नका. त्यांची गोळीही देऊ नका. त्यांची सुई वापरू नका.

अंक वाचा

आता नीट ऐका. तुम्ही वाचायला शिकलात, ते इथे कामी येणार आहे.

इन्सुलिनच्या काही बाटल्यांवर ४० हा अंक असतो. काहींवर १०० असतो. म्हणजे एका मिलिलिटरात ४० युनिट किंवा १०० युनिट औषध. टोचायच्या सिरिंजही दोन तऱ्हेच्या मिळतात. ४० च्या सिरिंजचे टोपण लाल असते, १०० च्या सिरिंजचे नारिंगी. लाल आणि नारिंगी रंग कंदिलाच्या उजेडात सारखेच दिसतात. म्हणून रंगावर जाऊ नका. अंक वाचा. बाटलीवर ४० तर सिरिंजवरही ४० हवेत. १०० ची बाटली ४० च्या सिरिंजने भरली, तर अडीचपट औषध अंगात जाते. तेवढ्याने बोका मरू शकतो. घरात ज्याला अंक वाचता येतो, त्यानेच सिरिंज भरावी.

एक वही करा. तारीख, वेळ, किती खाल्ले, किती युनिट टोचले, किती पाणी प्याला, एवढे रोज लिहा. पाणी पेल्याने मोजून भांड्यात घाला, म्हणजे कळेल. दवाखान्यात जाताना वही न्या. टोचले की लगेच लिहा. नाही तर सासू टोचते आणि सूनही टोचते. टोचले की नाही, याचा संशय आला तर पुन्हा टोचू नका. पुढच्या वेळेची वाट पाहा. एक वेळ चुकली तर चालते, दोनदा टोचले तर चालत नाही.

बोका जेवला नाही, किंवा त्याला उलटी झाली, तर टोचण्याआधी डॉक्टरांना विचारा.

जास्तीपेक्षा कमी वाईट

साखर वाढली तर हाताशी दिवस असतात. साखर एकदम उतरली तर हाताशी घटका असते. औषध जास्त झाले, किंवा खाणे कमी पडले, की बोका लटपटतो, गळून जातो, कोपऱ्यात दडतो. कधी त्याला झटके येतात. शुद्धीवर असेल तर लगेच खायला द्या. खात नसेल तर साखरेचे पाणी किंवा मध बोटाने हिरड्यांना चोळा. तोंडात ओतू नका, ते श्वासनळीत जाते. झटका आलेला असताना दातांत बोट देऊ नका. तो चावेल. मग लगेच दवाखाना गाठा. डॉक्टर सांगेपर्यंत पुढचे टोचू नका.

उलट, बोका खाणेच सोडून देतो, उलट्या करतो, मलूल पडतो, श्वासाला वेगळाच वास येतो. हेही वाईट लक्षण. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

काला नको

मांजर जातीने मांस खाणारे. त्याचे दात पाहा. ते भाकरी दळायला केलेलेच नाहीत. साखरेच्या बोक्याला भाकरी, भात, दूध, बिस्किट, गूळ नको. शिजवलेले कोंबडीचे मांस, मासळी, उकडलेले अंडे असे द्यावे. त्यात मीठ-मसाला नको. कांदा-लसूण तर नकोच, तो मांजराला विषारी आहे. हाडे काढून टाकावीत. खाणे एकदम बदलू नये. आठवडाभरात हळूहळू बदलावे, आणि आधी डॉक्टरांना सांगावे. कारण काला बंद झाला की औषधही कमी लागते. उपाशी मात्र कधी ठेवू नये.

बाटली कुठे ठेवायची?

फ्रिज असेल तर फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलेले औषध वाया गेले. फ्रिज नसेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू घाला. त्यात छोटे मडके ठेवा. बाटली त्या छोट्या मडक्यात ठेवून वर झाकण घाला. वाळू रोज ओली करा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाटली ओसरीवर राहिली तर औषधाची ताकद जाते. बाटली उघडली ती तारीख तिच्यावर लिहा. वापरलेल्या सुया उकिरड्यावर टाकू नका. पोरे अनवाणी फिरतात, गुरे तोंड घालतात. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात त्या जमवा आणि दवाखान्यात नेऊन द्या.

सोडायचा का?

हे सगळे काम आहे, खर्चही आहे. ते आम्ही लपवत नाही. झेपत नसेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. पण आजारी जीव गावाबाहेर सोडू नका. तो तहानेने झिजून मरतो. आणि एक आशेची गोष्टही आहे. लवकर औषध सुरू झाले आणि खाणे बदलले, तर काही मांजरांची सुई काही महिन्यांत सुटते. पण ती कधी सोडायची, हे डॉक्टरांनी सांगायचे. सुटली तरी पाण्याच्या भांड्यावर लक्ष ठेवायचे.

सांगा पाहू

१. बाटलीवर १०० आहेत आणि सिरिंजवर ४०. टोचावे का?

२. सकाळी टोचले की नाही, आठवत नाही. वहीतही लिहिलेले नाही. काय कराल?

३. बोका लटपटतो आहे आणि खात नाही. घरात मध आहे. काय कराल, आणि काय करणार नाही?